पट्टी आणि पंचम

घरात संगीत ऐकण्यासाठी यंत्रांची मांडणी करणे हा उद्योग वरवर पाहता निखळ तांत्रिक आहे. स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर ठेवावेत, ऐकणाऱ्याने कोठे बसावे, खर्जाचे प्रमाण किती असावे, यांची उत्तरे पुस्तकांत सापडतात आणि न सापडल्यास मोजून काढता येतात. परंतु बरीच वर्षे या उद्योगात रमल्यानंतर माझी अशी धारणा होत गेली आहे की, या मांडणीत जो प्रश्न वारंवार समोर येतो तो मूलतः समीक्षेचा आहे. कलाकृतीचे काही एक प्रमाण रूप असते काय? असल्यास, आस्वादकाच्या रुचीला त्या रूपापासून दूर जाण्याची मुभा कितपत आहे? आणि ही मुभा घेतल्यावर जे उरते, त्याला त्या कलाकृतीचा आस्वाद म्हणायचे की केवळ स्वतःच्या सवयीचा?

प्रश्न अमूर्त वाटू नये म्हणून माझ्या खोलीपासून आरंभ करतो. आमची बैठकीची खोली साडेसोळा फूट लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर या लांबीत सुमारे ३४ हर्ट्झ कंप्रतेची अर्धी लहर बसते, आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ६८ हर्ट्झच्या आसपास, एक पूर्ण लहर. आता योगायोग असा की काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची मूळ कंप्रता ६९ हर्ट्झच्या जवळ येते. त्यामुळे या खोलीत भिंतीला टेकून किंवा अगदी मधोमध बसले की खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा उसळून अंगावर येतो. तेथून चार फूट सरकले की तोच घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. मोजमापाचा मायक्रोफोन आसनाच्या जागी ठेवून पाहिले तेव्हा त्या कंप्रतेपाशी नऊ डेसिबलचा उंचवटा दिसला. याचा अर्थ असा की माझी खोली प्रत्येक गायनावर स्वतःचा एकच एक शेरा मारत होती. गायक कोणीही असो, तबलजी कोणीही असो, शेरा तोच. गाडामरने वाचकाच्या पूर्वग्रहाविषयी जे विवेचन केले आहे, त्याचे इतके मूर्त उदाहरण दुसरे सापडणे कठीण. पूर्वग्रहाशिवाय आकलन नाही हे खरे. खोलीशिवाय ऐकणेही नाही. तथापि खोली कोठे बोलते आणि गायक कोठे, हे वेगळे कळणे ही आस्वादाची पहिली अट आहे.

माझ्या दोन स्नेह्यांची मते या बाबतीत परस्परविरुद्ध आहेत. त्यांपैकी एक अभियंता आहेत. त्यांच्या मते ध्वनिमुद्रणात जे आहे ते आणि तेवढेच ऐकू यावे. त्यात आपल्या आवडीनिवडीने भर घालणे म्हणजे संहितेत प्रक्षेप करणे होय. दुसरे संगीताचे व्यासंगी श्रोते. त्यांचे म्हणणे, 'कानाला गोड लागतं ते खरं. आलेख काय ऐकायचे असतात?' साहित्याच्या वर्तुळात ही दोन्ही माणसे आपल्या परिचयाची आहेत. पहिल्याला संहितेची वस्तुनिष्ठता हवी असते, दुसरा आस्वादक समीक्षेचा पुरस्कर्ता असतो. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, आणि त्यांच्यातील वाद बहुधा 'थोडे हे, थोडे ते' अशा तडजोडीवर संपतो. मला ही तडजोड कधीच समाधानकारक वाटली नाही. तिच्यात प्रमाण आणि रुची ही तराजूची दोन पारडी मानलेली असतात, म्हणजे एकात भर घातली की दुसरे वर जाणार. त्यांचे नाते असे नाही, असे मला म्हणायचे आहे.

प्रथम प्रमाणाविषयी. ज्याला आपण प्रमाण म्हणतो ते निसर्गात सापडलेले नसते. माणसांनी ठरवलेले असते. लाँगप्ले तबकडीवर मुद्रण करताना खर्ज दाबून आणि तारस्वर उचलून नोंदवलेले असतात. वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरने त्याच्या नेमके उलट करावयाचे, असा हा करार आहे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाने त्याचे रूप १९५४ साली निश्चित केले. त्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्या आपापल्या वक्ररेषेने मुद्रण करीत. त्या काळातील तबकडी आजच्या वक्ररेषेने वाजवली तर ती चुकीच्या लिपीत वाचल्यासारखी होते. चित्रपटगृहासाठी प्रत्येक मुख्य स्पीकरमागे ८५ डेसिबल ही संदर्भपातळी मानली जाते, तीही ठरवलेलीच. याहून गमतीची गोष्ट स्टुडिओची. यामाहा कंपनीचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आला आणि पुढे असंख्य स्टुडिओंत तोच संदर्भाचा स्पीकर होऊन बसला, तोही त्याचा खर्ज तोकडा असताना. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी या परिस्थितीला गोंधळाचे वर्तुळ असे नाव दिले आहे. मुद्रणे स्पीकरवर ऐकून सिद्ध होतात, स्पीकर मुद्रणे वाजवून पारखले जातात, आणि दोहोंपैकी कोणाचाच पाया स्वतंत्रपणे तपासलेला नसतो. अभिजात साहित्याची यादी आणि अभिजात रुची यांचे नाते असेच वर्तुळाकार असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

इतकेच नव्हे, तर प्रमाणाच्या पोटात रुची आधीच जाऊन बसलेली असते. खोलीत सर्व कंप्रता समान पातळीवर याव्यात, असा आलेखाचा आग्रह धरला तर बहुतेक श्रोत्यांना आवाज कोरडा आणि टोचरा वाटतो. खर्जाकडून तारस्वरांकडे हलकेच उतरत जाणारी रेषा त्यांना स्वाभाविक वाटते. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१० नंतरच्या दशकात हेडफोनसाठी जी लक्ष्यरेषा सिद्ध केली, ती श्रोत्यांच्या पसंतीच्या चाचण्यांतूनच निघाली. तेव्हा माझ्या अभियंता स्नेह्यांनी ज्या आलेखाच्या नावाने रुचीला हद्दपार केले, त्या आलेखावर अनेक अनोळखी माणसांच्या रुचीची सही आहे.

मग प्रमाण मानायचेच कशाला? येथे दुसऱ्या स्नेह्यांचे मत विजयी झाल्यासारखे वाटेल. परंतु ज्या रुचीला प्रमाणाचा स्पर्श झालेला नाही, ती नेमके काय ऐकते याचाही विचार केला पाहिजे. १९९४ साली टूल आणि ऑलिव्ह यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तेच श्रोते तेच स्पीकर एकदा पाहून आणि एकदा पडद्याआड ऐकत होते. दिसणारा स्पीकर आणि न दिसणारा स्पीकर यांना मिळालेल्या गुणांत लक्षणीय फरक पडला. आकार, किंमत, नाममुद्रा यांनी कानाच्या वतीने निर्णय देऊन टाकला होता. साहित्याच्या अभ्यासकाला येथे आय. ए. रिचर्ड्सची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्याने केंब्रिजमधील विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून कविता ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये मांडले. नाव गेले की रुचीचा आधारच गेला, हे त्या अभिप्रायांनी दाखवून दिले. 'मला आवडते' या विधानातील 'मला' हा घटक आपण समजतो तितका आपला नसतो. त्यात जाहिरात, प्रतिष्ठा, शेजाऱ्याचा दिवाणखाना आणि लहानपणचा रेडिओ असे सगळे मिसळलेले असते. स्वतःच्या रुचीला स्वतःची म्हणण्यासाठीसुद्धा तिला एकदा पडद्याआड उभे करावे लागते.

ह्यूमने १७५७ मधील रुचीविषयक निबंधात सर्व्हान्टेसकडून घेतलेली एक कथा सांगितली आहे. मद्याचे पिंप चाखून एकाने त्याला चामड्याचा किंचित वास असल्याचे म्हटले, दुसऱ्याने लोखंडाचा. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडली. ही कथा सहसा रसिकाच्या सूक्ष्मतेची कथा म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यातील पिंप रिकामे करणे महत्त्वाचे वाटते. मोजमापाचा मायक्रोफोन हे पिंप रिकामे करण्याचे साधन आहे. तो मद्य चाखू शकत नाही, त्याला गोडी कळत नाही. परंतु तळाशी किल्ली आहे की नाही, एवढे तो सांगतो. आमच्याकडे अभिनवगुप्तांनी सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या अभ्यासाने निर्मळ झालेल्या मनाच्या आरशाची कल्पना वापरली आहे. आरसा निर्मळ असणे ही जन्मजात देणगी नव्हे, ती अभ्यासाने येते, हे त्या कल्पनेतील मर्म आहे. प्रमाणाला अनुसरून खोली जुळवणे हे या अभ्यासाचेच एक अंग आहे, असे मी मानतो.

तथापि प्रमाणाशी एकनिष्ठ राहण्यासाठीच प्रमाणापासून दूर जावे लागते, अशी एक अवस्था येते आणि ती दररोज रात्री येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले की मानवी कान सर्व पातळ्यांवर सारखा ऐकत नाही. आवाज लहान केला की खर्ज मधल्या सुरांपेक्षा कितीतरी अधिक वेगाने कानाआड होतो. ८५ डेसिबलची संदर्भपातळी चित्रपटगृहाला शोभते. पुण्यातल्या सहनिवासात, रात्री दहानंतर, भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असताना ती पाळता येत नाही. आवाज लहान केला, आलेख तसाच ठेवला, तर तंबोरा विरळ होतो, डग्गा थापटी मारल्यासारखा वाजतो आणि गायक अधांतरी उभा राहतो. अशा वेळी खर्ज चार-पाच डेसिबलने उचलावा लागतो. आलेखाच्या दृष्टीने हा प्रमाद, कानाच्या दृष्टीने मूळ प्रमाणाची पुनःस्थापना. शब्दशः अनुवाद आणि निष्ठावंत अनुवाद यांत जे अंतर असते, ते हेच.

येथपर्यंतचा विचार तसा बुद्धीच्या पातळीवरचा आहे. त्याला धार आली ती माझ्या वडिलांमुळे. अखेरची काही वर्षे ते आमच्याकडे होते. त्यांचा कान घडला तो वॉल्व्हच्या रेडिओवर. मध्यम लहरींवरच्या प्रक्षेपणात वरच्या कंप्रतांचा बराचसा भाग पोहोचतच नसे, आणि लाकडी पेटीतला स्पीकर जे पोहोचे त्याला एक भरीव ऊब देई. खोलीतला तो नऊ डेसिबलचा उंचवटा काढून, सगळे नीट जुळवून, मी त्यांना त्यांच्याच आवडीचे एक जुने मुद्रण ऐकवले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, 'छान आहे रे. पण हा माणूस आपल्या घरात येत नाही. रेडिओसारखं लाव बघू.' मग मी तारस्वर उतरवले, मधले सूर किंचित पुढे आणले, दोन स्पीकरांऐवजी एकच चालू ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. जे त्यांना ऐकू येत होते त्यात माहिती कमी होती, आणि तरी त्यांचा गायक आता आला होता. वार्धक्यामुळे त्यांना वरच्या कंप्रता तशाही फारशा ऐकू येत नसणार. परंतु कारण तेवढेच नव्हते. त्यांच्या लेखी ते मुद्रण म्हणजे त्यात नोंदलेला ध्वनी नव्हता. सकाळची आन्हिके, चहा, स्वयंपाकघरातून येणारे आवाज यांच्यासह पन्नास वर्षे ऐकलेले ते गाणे होते. ग्रहणाचा इतिहासही कलाकृतीचा भाग असतो, हे आपण सिद्धांत म्हणून सहज मान्य करतो. तो इतिहास समोर खुर्चीत बसलेला असला, की सिद्धांताचे वजन कळते.

ती मांडणी मी यंत्रात स्वतंत्र जागी जतन केली आणि मूळची प्रमाण मांडणी तशीच राहू दिली. एक बटण दाबले की एक, दुसरे दाबले की दुसरी. या साध्या सोयीने मला जे शिकवले ते कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते. रुचीसाठी प्रमाण पुसावे लागत नाही. ते शिल्लक ठेवता येते. आणि ते शिल्लक आहे म्हणूनच आपण किती दूर आलो हे कळते. आपल्या शहरातील भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिची रचना पाहावी. वर संपादित संहिता, खाली पाठभेद. वरची संहिता ही कोणत्याही एका पोथीची नक्कल नाही. ती साक्षेपाने ठरवलेले प्रमाण आहे. कीर्तनकार कथा सांगताना तिच्याकडे पाहतही नसेल. त्याला नीलकंठाच्या टीकेसह प्रचलित असलेली संहिता किंवा गावात रूढ असलेले आख्यान जवळचे. परंतु चिकित्सक आवृत्तीने त्याचे आख्यान रद्द केले नाही. तिने पाठभेद तळटीपेत जपले आणि कोणता पाठ कोठून आला याची नोंद ठेवली. प्रमाणाचे काम निवाडा देणे एवढेच नाही. विचलनाला पत्ता देणे हेही आहे.

या नात्याचे सर्वांत नेमके रूप मात्र मला यंत्रांत किंवा ग्रंथांत दिसले नाही. ते तंबोऱ्यात आहे. गायक आपली पट्टी स्वतः निवडतो. कोणाची काळी एक, कोणाची पांढरी चार. ही निवड त्याच्या गळ्याची आहे आणि तीत त्याला कोणी प्रमाण दाखवू शकत नाही. पण षड्ज ठरला की पंचम ठरला. दोन आणि तीन यांचे ते गुणोत्तर गायकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. तार एका केसाएवढी उतरली तरी तंबोरा बोलत नाही. आणि स्वर मिळाल्यानंतर पुन्हा रुचीचे राज्य सुरू होते. घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा किंचित पुढे-मागे करून जवारी खुलवायची की बंद ठेवायची, आस किती लांबवायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मिरजेचा कुशल कारागीर हाडाची घोडी घासताना गिऱ्हाइकाच्या गळ्याची चौकशी करतो ती यासाठीच. येथे रुची, प्रमाण आणि पुन्हा रुची असा क्रम आहे. ती एकमेकांच्या वाट्याचे काही घेत नाहीत. एकीचे काम संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते. मिळालेल्या तंबोऱ्यावरच जवारीची चर्चा संभवते. न मिळालेल्या तंबोऱ्याची जवारी कितीही खुलवली तरी तो बेसूरच अधिक ठळकपणे ऐकू येतो.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत हा क्रम विशेष उपयोगी पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभीची मुद्रणे नेमक्या ७८ फेऱ्यांच्या गतीने झाली असतील असे नाही. गती कमी-अधिक असे. ८० च्या गतीने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर गायकाची पट्टी सुमारे अर्ध्या श्रुतीने नव्हे, त्याहूनही अधिक, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने उतरते. लय मंदावते, गळ्याचा पोत जाड होतो. षड्ज आणि पंचम यांचे नाते मात्र अबाधित राहते. मूळ गती सांगणारा कागद नसतो. मग गायकाच्या इतर मुद्रणांवरून, साथीच्या पेटीवरून, गळ्याच्या स्वाभाविकतेवरून गती ठरवावी लागते. म्हणजे प्रमाणच रुचीच्या साहाय्याने शोधावे लागते. पण येथील रुची ही 'मला गोड लागते' अशी नसते. ती शेकडो तबकड्या ऐकून घडलेली, आपला निर्णय कारणांसह मांडू शकणारी रुची असते. खरखर काढून टाकणाऱ्या साधनांविषयीही हेच. त्यांनी सुईची खरखर जाते, आणि हात सैल सुटला तर तिच्याबरोबर तंबोऱ्याची आस आणि गायकाचा श्वासही जातो. किती घासावे हे कोणताही आलेख सांगत नाही. मूळ प्रत न पुसता ठेवावी, एवढे मात्र निश्चित सांगता येते.

आता माझेही कान वयाचा हिशेब देऊ लागले आहेत. तरुणपणी ऐकू येणाऱ्या अतितार कंप्रता चाचणीच्या स्वरांत मला आता ऐकू येत नाहीत. वरच्या कंप्रता वाढवून ही तूट भरून काढावी, असा मोह होतो. परंतु मैफलीत समोर बसून ऐकतानाही माझे कान हेच असतात. तेथे तंबोरा मला जसा ऐकू येतो तसाच तो घरी यावा, ही अपेक्षा असेल तर मांडणी प्रमाणाबरहुकूमच राहिली पाहिजे. कान बदलत जाणार. मांडणी आपल्या जागी राहिली तरच तो बदल मला कळणार. वडिलांची मांडणीही यंत्रात अद्याप आहे. अधूनमधून एखादे मुद्रण मी प्रथम प्रमाण मांडणीवर ऐकतो आणि नंतर त्यांच्या. दुसऱ्या खेपेस गायकाविषयी नवे काही कळत नाही, ऐकणाऱ्याविषयी कळते. समीक्षेने या दोन्ही प्रकारच्या ज्ञानाला जागा द्यावी, आणि आपण कोणत्या वेळी कोणती मांडणी लावली आहे हे वाचकाला सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.